अम्मांच्या ओव्हनची शेजारती

"मॅडम, त्याला आपण मशीन म्हणूयाच नको," शरत म्हणाला. "देव म्हणू. देवाचा कार्बन कोण मोजतं?"

मला हसू आलं. शरतचं बोलणं असतंच तसं. पण हातातलं पेन मी टेबलावर ठेवून दिलं.

म्हैसूरजवळच्या हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीत आमची भुजंग इलेक्ट्रॉनिक्स आहे. दवाखान्यात खाटेशेजारी नाडी आणि श्वास दाखवणारं यंत्र असतं ना, ते आम्ही बनवतो. शरतचे वडील भुजंगराव यांनी लष्कर मोहल्ल्यातल्या रेडिओ दुरुस्तीच्या एवढ्याशा दुकानातून ही कंपनी उभी केली. आता कारभार शरतकडे आहे, आणि कंपनीची वीज, डिझेल, गॅस, थोडक्यात हवेत जाणारा सगळा धूर, त्याचा हिशोब माझ्याकडे. मी अलका. मूळची मिरजेची, नवऱ्याच्या नोकरीमागे म्हैसूरला आले, बोगादीत घर घेतलं आणि इथलीच झाले.

पाच वर्षांपूर्वीच्या आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, भुजंगरावांनी स्वतः माइक हातात घेतला होता. एक सोडून सगळी यंत्रं बंद, प्रत्येकाला झेंडूची माळ, गंध, कुंकू. समोर चामुंडीची तसबीर. तिच्या साक्षीनं त्यांनी शब्द दिला की पाच वर्षांनंतरच्या मार्च महिन्यात आपल्या कंपनीचा कार्बन आजच्यापेक्षा एक-तृतीयांशानं कमी असेल. आमची बहुतेक यंत्रं परदेशातली एक कंपनी घेते. तिनं हा शब्द आमच्या नावानिशी जाहीर केला, कारण आमचा धूर शेवटी त्यांच्याही हिशोबात लागतो. आणि तो मार्च आता उंबरठ्यावर आला होता.

पाच वर्षं आम्ही हात बांधून बसलो नव्हतो, हं. छप्परभर सौर पॅनेल बसवले. हवेच्या नळ्यांमधून फुस्स करून जाणारी गळती कान लावून शोधली आणि बंद केली. जुने एसी काढले, त्यांच्यातला वाईट गॅस नीट काढून घेतला. कंपनीच्या बसगाड्या विजेच्या झाल्या. शब्द जवळजवळ पुरा झाला होता. एकच तुकडा राहिला होता, आणि त्या तुकड्याला आख्खी कंपनी 'अम्मांचा ओव्हन' म्हणते.

हा काही स्वयंपाकघरातला ओव्हन नव्हे. लांबलचक बोगद्यासारखं यंत्र. सर्किट बोर्डावर बारीक बारीक भाग मांडायचे आणि बोर्ड साखळीवरून त्या बोगद्यात सोडायचा. आतल्या उष्णतेनं सोल्डर, म्हणजे जोडणीचा धातू, वितळतं, आणि दुसऱ्या टोकाला बोर्ड बाहेर येतो तेव्हा भाग पक्के बसलेले असतात. आमच्याकडे असे तीन आहेत. दोन नवे, शहाण्यासारखे काम संपलं की बंद होणारे. तिसरा सर्वांत जुना. तो कधीच बंद होत नाही. रविवारी नाही, दिवाळीत नाही. आयुधपूजेलासुद्धा त्याला माळ घालतात ती तापलेल्या अंगावरच. त्याचा पंखा हॉलमधली थंड हवा ओढून बाहेर टाकतो, म्हणून हॉलचा एसीही बंद करता येत नाही. आणि हा तापलेला असताना हेब्बाळचा करंट गेला की जनरेटर आपोआप सुरू होतो. रविवारची शांत दुपार, आत चिटपाखरू नाही, आणि आमचा जनरेटर धडधडत डिझेल जाळतोय. का, तर एका रिकाम्या ओव्हनची ऊब जाऊ नये म्हणून.

"अहवालात यंत्रांची मोजदाद आहे ना," शरत पुढे म्हणाला, "त्यातून हा एक बाजूला काढायचा. ऑडिटरला सांगू, हे आमचं देवस्थान आहे. खोटं कुठे आहे त्यात? रोज फूल वाहतोच की आपण."

"आणि त्याचं डिझेल?"

"डिझेल म्हणजे... समईतलं तेल समजा."

"शरत, अहवालावर सही माझी असते."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय, मॅडम. नाहीतर मीच केली असती."

मी म्हटलं, "हे बघ, शब्द तुझ्या वडिलांनी दिला, तोही देवीसमोर. पुरा झाला तर झाला म्हणून मी सही करीन. नाही झाला तर नाही झाला म्हणून करीन. मधलं काही नाही. ओव्हन बंद केला की शब्द पुरा होतो. माझं गणित पक्कं आहे."

"गणित पक्कंच आहे. अप्पांना कोण सांगणार?"

"मी."

शरतनं माझ्याकडे बघितलं, मग समोरचा कॉफीचा लोटा माझ्याकडे सरकवला. "मग ही आत्ताच पिऊन जा. परत आल्यावर घशाखाली उतरायची नाही."

* * *

भुजंगराव रोज सकाळी एकदा कंपनीत येतात. ऐंशीच्या घरातलं वय, पांढरा सदरा, हातात छत्री, पायात टायरच्या सोलची चप्पल. थेट ओव्हनपाशी जातात, त्याच्या पत्र्यावर एक फूल ठेवतात, तळवा लावून ऊब बघतात आणि मग इतरांशी बोलतात. कंपनीत मी त्यांना सर म्हणते. देवळात काका म्हणते, कारण विठ्ठलाच्या देवळात आम्ही दोघंही कीर्तनाला पहिल्या ओळीत असतो; ते टाळ धरतात, मी नुसतीच डोलते.

त्या दिवशी मी फुलाआधीच ओव्हनपाशी जाऊन उभी राहिले.

"काय गं, आज पूजेला तू?" ते हसले.

मी सगळं सांगितलं. आकड्यांचा कागद नेला होता, तो त्यांनी घेतलाच नाही.

"बेडा कणम्मा," ते म्हणाले. नको गं बाई, असं आपण लेकीला म्हणतो ना, तसंच. "हे सोडून काय पाहिजे ते माग. माझी गाडी बंद कर. माझ्या घरचा एसी काढून ने."

"सर, तुमच्या घरच्या एसीनं काय होणार?"

"मग सुम्ने, उगाच कशाला विचारतीस?"

जवळ आमचे लाइन सुपरवायझर वेंकटरमण उभे होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, तो बंद केला तर अम्मा बैतारे." अम्मा रागावतील. अम्मा, म्हणजे भुजंगरावांच्या पत्नी सीतालक्ष्मी; त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण वेंकटरमण असं बोलले की वाटावं, त्या आता डबा घेऊन येतीलच.

मग भुजंगरावांनी जे सांगितलं ते मी तुकड्यातुकड्यांनी पूर्वी ऐकलं होतं, सलग त्या दिवशीच ऐकलं. ओव्हन आणला तेव्हा कंपनी लष्कर मोहल्ल्यात पत्र्याच्या शेडमध्ये होती. सीतालक्ष्मींनी ओव्हनशेजारच्या कोनाड्यात पितळेचा दिवा लावला आणि सांगितलं की हा विझू द्यायचा नाही, ह्याच्यावर आपलं घर चालणार आहे. तो दिवा त्यांनी स्वतः सांभाळला. पुढे हेब्बाळला हॉल बांधला, तेव्हा सुरक्षा तपासणीला आलेल्या साहेबानं बजावलं की इथे उघडी ज्योत चालणार नाही. रसायनं आहेत, आग लागेल.

"मग ती म्हणाली," भुजंगरावांनी ओव्हनवर तळवा ठेवला, "दिवा नको तर नको. आतापासून हाच माझा दिवा. ह्याला विझू देऊ नका. हौदु म्हणालो मी. हो म्हणालो. आता तू सांग, मी काय करू?"

आकड्यांचा कागद मी घडी घालून ठेवला. कारण मला ते चूक वाटलं नाही. देवापुढचा दिवा विझला तर मीही हातातलं काम टाकून आधी तो लावते. हिशोबाच्या कागदावर जो नुसता वायफळ खर्च दिसत होता, तो एका बाईचा नंदादीप होता, आणि तो सांभाळणारा माणूस समोर उभा होता.

"आणि अजून एक," ते जाता जाता म्हणाले. "म्हातारं मशीन आहे. आतली तापणारी कांडी गार पडली तर तडकेल. एकदा निजलं ते उठायचं नाही."

यातही तथ्य होतं. एवढी वर्षं सतत तापलेली वस्तू फटकन गार केली तर तडकते, हे मलाही माहीत होतं.

शरतकडे परत गेले तर त्यानं कॉफी मागवली. खरंच उतरली नाही.

* * *

एकादशीला देवळात मालतीबाईंचं कीर्तन होतं. मालतीबाई इथल्याच. त्यांच्या पणजोबांच्याही आधीपासून घर म्हैसुरात, माहेरी आणि सासरी शिवणकामाचा धंदा, जन्मभर कन्नड शाळेत मास्तरीण. पण उभ्या राहिल्या की मराठी अशी वाहते की मिरजेच्या माणसानं मान खाली घालावी. मध्येच एखादं वाक्य कन्नडमध्ये टाकतात आणि मागच्या ओळीतल्या पोरी खुदखुदतात.

खरं सांगते, त्या दिवशी मी जरा स्वार्थानंच गेले होते. माझा असा अनुभव आहे की मनात अडलेलं काही घेऊन कीर्तनाला बसावं, आणि पूर्वरंगात नाहीतर आख्यानात त्याचं उत्तर येतं. बुक्का लागला, पेटीनं सूर धरला, मी कान टवकारून बसले. आणि बाईंनी लावलं रुक्मिणीहरणाचं आख्यान! रथ काय, घोडे काय, रुक्मीच्या अर्ध्या मिशा काय. मी पोट धरून हसले, डोळे पुसले, पण ओव्हनवर अवाक्षर नाही. देवाला माझ्या कार्बनशी काही देणंघेणं नव्हतं त्या दिवशी.

कीर्तन संपलं. आमचं देऊळ लवकर बंद होतं, त्यामुळे लगेच शेजारती. पुजाऱ्यांनी देवाचे दिवसाचे हार उतरवले. मऊ उपरणं घातलं. दुधाची वाटी आणली. ती धरायचा मान भुजंगरावांचा. मग विडा. मग पलंगावरची चादर झटकून सारखी केली, उशी थोपटली. मोठ्या समयांच्या वाती एकेक करून मागे ओढल्या. आरतीही कशी, सकाळसारखी खणखणीत नाही. आवाज उतरत उतरत जातो, टाळ नुसते टेकवल्यासारखे वाजतात. शेवटी पडदा.

शेकडो वेळा मी हे पाहिलंय, म्हटलंय. त्या दिवशी मात्र भुजंगराव पडद्याबाहेर रिकामी वाटी घेऊन उभे होते, आणि मी बघतच राहिले. किती हळू चाललं होतं सगळं! एकदम काही नाही. आधी हे, मग ते, मग ते.

त्या तंद्रीतच मी म्हणाले, "काका, देवाला आपण रोज झोपवतो."

"झोपवतो की."

"मग ओव्हनला का नाही?"

मालतीबाई गळ्यातला हार काढत होत्या. त्यांनी कान इकडे केला.

भुजंगराव वाटी पुसत म्हणाले, "देव झोपतो गं. पण नंदादीप? तो बघ, आत तेवतोय. तो कोण विझवतं का? ओव्हन म्हणजे तिचा नंदादीप. देव नव्हे."

बरोबर होतं. पडद्याच्या फटीतून तो दिसतही होता. पण मालतीबाईंकडे उत्तर होतं, त्यांच्याकडे नसतं कधी?

"भुजंगण्णा," त्या म्हणाल्या, "तो नंदादीप केवढा आहे?"

"म्हणजे?"

"वाती किती?"

"एक."

"मग तुमचा असा कसा, की गाव उजळेल एवढा करंट खातो? सीतालक्ष्मीनं दिवा ठेवला होता का भट्टी?"

"दिवाच. पण तो त्या साहेबानं..."

"साहेबानं कुठं नको म्हटलं? हॉलमध्ये. कंपनीच्या अंगणात गणपती आहे ना तुमचा? त्याच्यापुढं दिवा लावायला साहेब आडवा येतो काय?"

भुजंगराव पुन्हा वाटी पुसू लागले. बाईंना एवढ्यावर थांबवणारं कोणी जन्मलं नाही.

"आणि सीताची गोष्ट मला सांगू नका. माझी शेजारीण होती ती, अल्वा, नाही का? शेजारती झाली की देवळातनं पहिली पळायची कोण? तीच. 'मालती, झोप आली गं' म्हणायची. रविवारी दुपारी दार वाजवलं तर शिव्या घालायची. तशा बाईला तुम्ही एवढी वर्षं जागी उभी करून ठेवलीत, दिवसरात्र, तापवून. आणि वर म्हणता, प्रेम."

देवळात जे कोणी होते ते हसले. भुजंगरावही हसले. मग त्यांचं हसणं थांबलं आणि वाटी हातात तशीच राहिली. उपरण्यानं डोळे पुसले त्यांनी. मालतीबाईंनी त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "झोपू द्या हो तिला."

मग भुजंगराव माझ्याकडे वळले. "शब्दही मीच दिलाय, नाही का? चामुंडीसमोर."

"हो, काका."

"तो पितळेचा दिवा घरी आहे. चिंचेनं घासावा लागेल." मग म्हणाले, "पण तडकला तर?"

"नाही तडकणार," मी म्हटलं. "मी शेजारतीसारखा झोपवीन. घाई न करता."

* * *

ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. पुढचे दिवस मी आणि वेंकटरमण त्या ओव्हनभोवती बसून क्रम लावत होतो. बोगद्यात एकापुढे एक असे तापणारे कप्पे असतात. सगळे एकदम बंद करायचे नाहीत. सर्वांत गरम कप्पा आधी थोडा उतरवायचा, मग शेजारचा, मग पुन्हा पहिला. साखळी फिरतीच ठेवायची, नाहीतर गरम जागी थांबलेली साखळी वाकते. पंखा अगदी शेवटी. वेंकटरमण प्रत्येक पायरीला नाव देत गेले: हे हार उतरवणं, हे दूध, हा विडा. मी म्हटलं, पडदा कुठला? ते म्हणाले, "पंखा थांबला की पडदा, मॅडम."

आणखी एक गोष्ट ठरवली. आठवड्याच्या मधल्या दिवशी काम संपलं की ओव्हन मंद ठेवायचा, म्हणजे त्याला रोजचा ताण नको. शनिवारी संध्याकाळी पूर्ण झोप, सोमवारी पहाटे काकडा.

शनिवारी संध्याकाळची पाळी संपली, पण घरी कोणी गेलं नाही. आधी सगळे अंगणातल्या गणपतीपाशी जमले. भुजंगरावांनी घासून लखलखीत केलेला दिवा ठेवला, तिळाचं तेल घातलं, वात लावली. वाऱ्यासाठी शरतनं काचेची पेटी करून आणली होती, आमच्याच यंत्राच्या पडद्याची काच. मग आम्ही हॉलमध्ये आलो.

वेंकटरमण पडद्यावरचे आकडे वाचत होते आणि मी एकेक कप्पा उतरवत होते. भुजंगराव ओव्हनच्या तोंडाशी खुर्चीवर. ते आरती गुणगुणत होते, फक्त सूर, शब्द नाहीत. एका ठिकाणी आतून 'टक्' असा आवाज आला आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"तडकलं?" शरत कुजबुजला.

"पत्रा आक्रसतोय," मी म्हणाले. मग भुजंगरावांकडे बघितलं. त्यांनी सूर सोडला नव्हता. मीही पुढचा कप्पा उतरवला.

शेवटी साखळी थांबली. मग पंखा. आणि त्याच्या पाठोपाठ वेंकटरमणनी हॉलचा एसी बंद केला.

त्या हॉलमध्ये अशी शांतता आमच्यातल्या कोणीही कधी ऐकली नव्हती. बाहेरच्या रस्त्यावर दुचाकी सुरू करणारा माणूस ऐकू आला. कुणाच्या तरी बांगड्या ऐकू आल्या. भुजंगराव उठले, पत्र्याला तळवा लावला. अजून ऊब होती, पण जाणारी. "नीज," म्हणाले आणि छत्री उचलून चालू पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी पोळ्या लाटत होते, तर वेंकटरमण यांचा फोन.

"मॅडम, हेब्बाळचा करंट गेला."

माझं लाटणं थांबलं. "मग?"

"जनरेटर चालू झाला नाही."

"मग?"

"मग काही नाही मॅडम. तेच सांगायला फोन केला."

* * *

सोमवारी काकड्याला मालतीबाईही आल्या. म्हणाल्या, जागं करायला ओळखीचं माणूस असावं. अंगणातला दिवा तेवत होता; रखवालदारानं रविवारभर त्यात तेल घातलं होतं, तेही कोणी न सांगता.

मी क्रम उलटा लावला. पंखा, साखळी, मग एकेक कप्पा हळूहळू. पहिला तापायला लागला. दुसरा तापला. तिसऱ्याचा आकडा मात्र जागचा हलेना. बाकीचे चढत होते आणि तो तसाच थंड. वेंकटरमणनी माझ्याकडे पाहिलं. शरत भिंतीला टेकला. माझ्या डोक्यात तडकलेल्या कांडीचं चित्र आलं, आणि त्यामागे भुजंगरावांचा चेहरा, ज्याच्याकडे मला वळून बघवेना.

"तडीरी," मागून तेच म्हणाले. थांबा जरा. "घाई करू नका. ती नेहमीच उशिरा उठायची."

"खरंय," मालतीबाई म्हणाल्या. "दोनदा हाक मारल्याशिवाय नाही."

म्हणून भुजंगरावांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली. आता हे मी अहवालात लिहिणार नाही, पण इथे एवढं लिहून ठेवते की त्या कप्प्याचा जुना स्विच चिकटून बसला होता, तेवढ्या हादऱ्यानं तो सुटला असणार. दुपारी मी तो बदललाही. पण त्या क्षणी आकडा थरथरला, हलला आणि चढू लागला, आणि हॉलमध्ये जो गजर झाला तो मला देवळातही क्वचित ऐकायला मिळतो.

पहिला बोर्ड साखळीवरून आत गेला आणि दुसऱ्या टोकाला बाहेर आला. वेंकटरमणनी भिंगाखाली धरून बघितला आणि मला दिला. सोल्डर आरशासारखं. कुठे भेग नाही, कुठे गोळा नाही. मी तो भुजंगरावांना दिला. त्यांनी चष्मा वर करून उघड्या डोळ्यांनी पाहिला, रेडिओवाले बघतात तसा, आणि मान हलवली.

"झोप चांगली झाली तिची," ते म्हणाले.

* * *

मार्च संपला. मी सगळं दोनदा मोजलं, बाहेरच्या तपासनिसांनी एकदा. वीज, एसी, डिझेल. तीनही ओव्हन धरून, एकही यंत्र न वगळता. एक-तृतीयांशाची रेघ आम्ही ओलांडली होती, आणि ती काही कशीबशी नाही. ओव्हनपेक्षा त्याच्यासाठी चालणाऱ्या एसीतूनच जास्त बचत झाली, आणि जनरेटरची टाकी महिनाभर भरावी लागली नाही. शिवाय एक गोष्ट झाली, जी मी आखली नव्हती. वेंकटरमणच्या लाइनवर घरी जाताना कोणी सोल्डर वितळवायची तापती कांडी चालू ठेवली तर शेजारचा विचारतो, "त्याला निजवलंस का?" बाकीच्या विभागांनी तेच उचललं. शरतनं तर आता पुढचा शब्द ठरवलाय, दोन हजार तीस सालापर्यंत कार्बन निम्मा. यंदाच्या आयुधपूजेला माइक तो घेणार आहे. मी त्याला सांगितलंय, बिनधास्त दे.

सहीच्या दिवशी भुजंगराव केबिनमध्ये आले. समोर अहवालाचं शेवटचं पान होतं.

"माझा दिवा धरलास का गं हिशोबात?"

शरतनं कपाळाला हात लावला. "अप्पा, एका वातीचं काय धरायचं?"

"धरलाय, सर," मी म्हणाले. पान उलटून दाखवलं. अंगणातला तेलाचा दिवा, सतत तेवणारा, असं तिथे लिहिलेलं होतं.

त्यांनी बोट ठेवून वाचलं. "किती भरतो?"

"जवळजवळ शून्य."

"मग शून्यच लिही की."

"नाही. जवळजवळ म्हणजे शून्य नव्हे."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग इतक्या मोठ्यानं हसले की बाहेरून वेंकटरमणनी आत डोकावलं. "शरत," ते म्हणाले, "आता हिला कॉफी दे. आता उतरेल घशाखाली."

मी सही केली. पेन खाली ठेवणार, तोच त्यांनी हात पुढे केला. अहवालावर त्यांच्या सहीची जागा नव्हती. तरी मी पेन दिलं, आणि माझ्या नावाखाली त्यांनी सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.

शनिवार होता. खाली हॉलमध्ये साखळी मंदावल्याचा आवाज आला. भुजंगरावांनी घड्याळाकडे न बघताच छत्री उचलली.

"चला," ते म्हणाले, "दूध द्यायची वेळ झाली."